दुसरी प्रत

माझ्या टेबलावर एक जहाज आहे. लांबी साधारण ४८ सेंटिमीटर. त्याला नाळ आहे, बरगड्या आहेत, अर्ध्या अंगावर फळ्या चढल्या आहेत. मागची बाजू मात्र नाही. गेले सात महिने नाही. घरी येणारा प्रत्येक जण आधी "वा!" म्हणतो आणि मग हळूच विचारतो, "मागून तुटलं का?" तुटलेलं नाही. ते नेमकं कोणत्या सालातलं जहाज आहे, हे माझं ठरत नव्हतं. आणि ठरवायला बसलो तेव्हा भलतंच काम मागे लागलं.

जहाजाचं नाव ‘त्रिंकोमाली’. नाव श्रीलंकेतल्या बंदराचं, जहाज इंग्रजांच्या आरमाराचं, बांधलेलं मात्र मुंबईत. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली ते तयार झालं आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरलं. खरं जहाज अजून आहे. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाच्या गावात ते उभं आहे, आणि आज पाण्यावर तरंगत असलेली सगळ्यात जुनी ब्रिटिश युद्धनौका तीच. नेल्सनची ‘व्हिक्टरी’ याहून जुनी, पण ती पोर्टस्मथला कोरड्या गोदीत बसवलेली आहे. मुंबईच्या सागवानाचं जहाज दोनशे वर्षांनीही पाण्यात आहे, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो आणि कॅमेरा बंद होता, म्हणून बरं.

लॉकडाऊनमध्ये कुणी केक शिकलं, कुणी गिटार. मी जहाजाकडे वळलो. अशा प्रतिकृतींचे तयार डबे मिळतात. आतले तुकडे लेझरने कापलेले असतात, आपण फक्त जुळवायचे. मी डबा घेतला नाही. एक तर त्याची किंमत आणि वर कस्टम ड्युटी. दुसरं कारण निव्वळ अहंकार. आपण इंजिनिअर आहोत, ड्रॉइंग वाचता येतं, मग डबा कशाला? (पहिल्या वर्षी इंजिनिअरिंग ग्राफिक्सला माझी केटी लागली होती, हे मी तेव्हा सोयीस्करपणे विसरलो.) मूळ आराखड्यांवर बेतलेल्या प्लॅनची एक पीडीएफ विकत घेतली आणि १:९६ हे प्रमाण ठरवलं. म्हणजे जहाजावरचा एक मीटर माझ्या टेबलावर एका सेंटिमीटरहून थोडा जास्त. ‘त्रिंकोमाली’चा तोफांचा मजला ४५.८ मीटर लांब आणि जहाज १२ मीटरहून थोडं जास्त रुंद. पुण्यातल्या वन-बीएचकेमध्ये याहून मोठं प्रमाण परवडत नाही.

जहाजाचा आराखडा पहिल्यांदा पाहिला की काहीच कळत नाही. घराच्या प्लॅनमध्ये भिंत म्हणजे भिंत असते. जहाजाला सरळ रेघच नसते. मग वाकड्या वस्तूचं माप कागदावर आणायचं कसं? त्यावर जुन्या लोकांनी काढलेला उपाय मला अजूनही थक्क करतो. काकडीच्या चकत्या कराव्यात तसं जहाज तीन दिशांनी कापायचं. आडव्या चकत्या केल्या की लांबीच्या दर टप्प्यावर त्याचा छेद कसा आहे ते दिसतं. पाण्याच्या पातळीला समांतर कापलं की वरून दिसणारे आकार मिळतात. आणि नाळेपासून मागच्या टोकापर्यंत उभं कापलं की बाजूचे. जहाज दोन्ही अंगांनी सारखं, म्हणून छेदांचं अर्धंच अंग काढतात: उजवीकडे पुढचे अर्धे छेद, डावीकडे मागचे अर्धे. एकाच चित्रात अख्खं जहाज मावतं. एका दृश्यातला बिंदू दुसऱ्या दोन्ही दृश्यांत जुळला पाहिजे. कुठेही एक रेघ हलवली की बाकी दोन ठिकाणी हलवावी लागते. तिन्हीकडे रेघा गुळगुळीत वाहायला लागल्या की आराखडा झाला.

हे कळायला मला दोन महिने लागले आणि कळल्यावर पहिली चूक झाली ती प्रिंटच्या दुकानात. छेदांचं पान छोटं होतं, ते बरोबर छापलं गेलं. बाजूचं चित्र लांब, ते दुकानातल्या मुलाने ‘फिट टू पेज’ करून छापलं. ९७ टक्के. डोळ्यांना कळतसुद्धा नाही. मी त्यावरून कणा कापला, छेदांवरून बरगड्या कापल्या आणि त्या एकमेकांत बसेनात. ४८ सेंटिमीटरमध्ये दीडेक सेंटिमीटर कमी, म्हणजे खऱ्या जहाजाची जवळजवळ दीड मीटर लांबी त्या मुलाने एका क्लिकने गायब केली होती. आराखड्याच्या खाली फुटांची एक पट्टी काढलेली असते. ती शोभेची आहे असा माझा समज होता. ती याचसाठी असते. जुना कागद आकसतो, तोही लांबीत वेगळा आणि रुंदीत वेगळा. पट्टीही कागदाबरोबर आकसते, म्हणून माप पट्टीवरून घ्यायचं, आपल्या फूटपट्टीवरून नाही.

*

आता हा आराखडा कुठून आला ते सांगतो. इथे गोष्ट कोणत्याही वेब सिरीजच्या वरचढ आहे.

१७८२ साली इंग्रजांनी ‘एबे’ नावाची एक नवीकोरी फ्रेंच फ्रिगेट पकडली. पकडली तीही गमतीशीर रीतीने. समोरच्या इंग्रजी जहाजाने पुढच्या बाजूने जो गोळा टाकला तो फ्रेंच कप्तानाच्या अपेक्षेपेक्षा फारच मोठा निघाला. नाळेवरच एवढी तोफ असेल तर मुख्य मजल्यावर काय असेल, या विचाराने त्याने जवळजवळ न लढताच शरणागती पत्करली. प्रत्यक्षात समोर जुनंच जहाज होतं, फक्त त्यावर प्रयोग म्हणून नव्या जातीच्या आखूड तोफा चढवल्या होत्या. ‘एबे’चा रचनाकार होता झाक-नोएल साने, त्या काळातला फ्रान्सचा सर्वांत नावाजलेला जहाज-अभियंता. इंग्रजांनी जहाज गोदीत घेतलं, त्याची मापं काढली, आराखडा तयार केला. आमच्या धंद्यात याला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात आणि लायसन्समध्ये त्यावर बंदी असते. त्या आराखड्यावरून १८०० साली ‘लीडा’ नावाची फ्रिगेट पाण्यात उतरली आणि पुढच्या तीसेक वर्षांत त्याच घराण्यातली चाळीसहून जास्त जहाजं बांधली गेली.

नेपोलियनशी चाललेल्या युद्धामुळे इंग्लंडमध्ये ओकचं चांगलं लाकूड मिळेनासं झालं होतं. मुंबईत मलबारचं सागवान होतं आणि वाडिया होते. लवजी नुसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईला आले १७३६च्या सुमाराला. तेव्हापासून गोदीतलं मुख्य बांधणाऱ्याचं काम त्याच घरात होतं. १८१० साली जमशेटजींनी ‘मिंडेन’ हे ७४ तोफांचं जहाज बांधून दिलं होतं. ब्रिटिश बेटांबाहेर बांधलेलं आरमाराचं एवढं मोठं लढाऊ जहाज ते पहिलंच. त्यामुळे १८१२च्या ऑक्टोबरात ‘त्रिंकोमाली’ची ऑर्डर मुंबईला देण्यात आली, आणि आराखडे ‘जावा’ नावाच्या जहाजावर चढवून रवाना केले.

‘जावा’ही मूळची फ्रेंच. मूळ नाव ‘रेनोमे’, १८११ साली मादागास्करजवळ पकडलेली. आणि तिचाही रचनाकार साने! म्हणजे एका फ्रेंच माणसाच्या पकडलेल्या जहाजावर त्याच माणसाच्या दुसऱ्या पकडलेल्या जहाजाचे आराखडे, निघालेत इंग्लंडहून मुंबईला, पारशी सुतारांकडे. सोबत मुंबईत बांधल्या जात असलेल्या ‘कॉर्नवॉलिस’च्या तळाला ठोकायचे तांब्याचे पत्रेही होते. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ त्यांची गाठ पडली अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’शी. अमेरिका आणि ब्रिटन यांचं तेव्हा वेगळंच युद्ध चालू होतं. काही तासांत ‘जावा’च्या डोलकाठ्या पडल्या, कप्तान प्राणघातक जखमी झाला, जहाज शरण आलं. ते इतकं मोडलं होतं की ओढून नेणंही शक्य नव्हतं. अमेरिकनांनी कैदी उतरवले आणि जहाज पेटवून दिलं. ‘कॉन्स्टिट्यूशन’चं सुकाणूचाक लढाईत उडालं होतं, म्हणून ‘जावा’चं चाक काढून तिथे बसवलं. ‘त्रिंकोमाली’चे आराखडे अटलांटिकमध्ये गेले.

तर पुढे काय झालं? काहीच नाही. १८१३ साली लंडनहून दुसरी प्रत पाठवली गेली.

मी हे वाचलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि मला अक्षरशः हसू आलं. आमच्याकडे एकदा सर्व्हर गेला आणि बॅकअप चालत नव्हता, तेव्हा चार दिवस कुणी घरी गेलं नव्हतं. इथे दोन साम्राज्यांच्या लढाईत जहाज जळालं, माणसं मेली, आणि ‘त्रिंकोमाली’पुरतं बोलायचं तर नुकसान काय, तर उशीर. कारण ते जहाज कागदावर होतं, आणि कागदाची प्रत निघते.

२५ एप्रिल १८१६ला मुंबईत कणा ठेवला गेला. त्याच्या थोडंच आधी याच घराण्यातली ‘ॲम्फिट्राइट’ इथल्याच गोदीतून पाण्यात उतरली होती. वाडियांकडे कणा ठेवताना त्यात चांदीचा खिळा ठोकायचा विधी असे. माझ्या कण्यात मीही सोनाराकडून आणलेल्या चांदीच्या तारेचा तुकडा बसवलाय. प्रमाणात तो फार मोठा आहे, पण असू दे.

*

आता आराखडा मिळाला म्हणजे जहाज मिळालं का? इथे मला जमशेटजींच्या माणसांबद्दल जो आदर वाटायला लागला तो कुठल्याही पुस्तकाने दिला नसता.

आराखडा सांगतो बाहेरचा आकार. एकेक बरगडी किती तुकड्यांत जोडायची, कोणत्या झाडाचा कोणता वाकडा बुंधा कुठे वापरायचा, फळी नाळेशी येताना किती निमुळती करायची, हे तो सांगत नाही. जहाजाचं पोट मध्ये फुगीर आणि टोकांना अरुंद असतं. मध्यावर वीस फळ्या लागत असतील तर टोकाला तेवढ्या पूर्ण रुंदीच्या फळ्यांना जागाच नसते. प्रत्येक फळी तासून निमुळती करावी लागते, आणि एका मर्यादेपलीकडे निमुळती केली तर खिळ्याला लाकूड उरत नाही. मग काही फळ्या मध्येच संपवायच्या. कुठे, ते हात ठरवतो. मी फळ्या गरम पाण्यात भिजवून, वाकवून, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी धरून चिकटवल्या. पहिल्या सहा फळ्या फेविकॉलसकट उपटून काढाव्या लागल्या. मिलिमीटरभर जाडीच्या पट्टीला माझा एवढा विरोध झाला. त्यांच्यासमोर जवळजवळ बोटभर लांबीएवढ्या जाडीचं सागवान होतं.

शिवाय तो आराखडा ओकसाठी होता. सागवान वेगळं लाकूड. त्यात तेल असतं, ते कुजायला सहज तयार होत नाही, आणि ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे खातात तसे सागवानात खात नाहीत. ‘त्रिंकोमाली’ आजवर टिकली त्याचं श्रेय या लाकडाला आणि ते निवडणाऱ्यांना आहे, आराखड्याला नाही. त्याच आराखड्यावरची इंग्लंडमधली किती तरी भावंडं केव्हाच मोडीत निघाली. त्या घराण्यातली आणखी एकच शिल्लक आहे, स्कॉटलंडमधल्या डंडीची ‘युनिकॉर्न’.

गंमत म्हणजे प्रतिकृतीला सागवान चालत नाही. मी मोठ्या उत्साहाने जुन्या दरवाजाच्या चौकटीतून सागवानी पट्ट्या कापून घेतल्या होत्या. पण लाकडाचे रेषे लहान होत नाहीत. १:९६ प्रमाणात सागाची एकेक रेघ खऱ्या जहाजावरच्या भेगेएवढी दिसायला लागते. शेवटी बारीक पोताचं हळदूचं लाकूड मिळवलं. सागवानासाठी प्रसिद्ध असलेल्या जहाजाची माझी प्रत हळदूची आहे. खरेपणासाठी खोटं लाकूड.

आणि मग मागची बाजू. पुरवठ्याचा सगळा खर्च करून ‘त्रिंकोमाली’ ३० एप्रिल १८१९ला इंग्लंडला पोचली, तेव्हा नेपोलियन केव्हाच सेंट हेलेनावर कैदेत होता. जहाजाची गरजच उरली नव्हती. ते तसंच राखीव ठेवलं गेलं, पंचवीसेक वर्षं. १८४५ साली बाहेर काढलं तेव्हा तोफा कमी पण जास्त दमाच्या केल्या, आणि मागच्या बाजूचा आकार बदलला. पुढे ते मुलांना दर्यावर्दी शिक्षण देणारं जहाज झालं, नाव बदलून ‘फूद्रोयां’. १९८६ पर्यंत ते काम चाललं. मग हार्टलपूलला दुरुस्ती आणि पुन्हा जुनं नाव. म्हणजे माझ्याकडे असलेला आराखडा एका सालचा, इंटरनेटवरचे फोटो दुसऱ्या सालचे. १८१७ची बाजू करायची की १८४५ची? जमशेटजींनी बांधलेलं जहाज हवं असेल तर १८१७. हे उघड होतं. पण १८१७ हा आकडा मला नुसता सोडेना.

कारण मराठी माणसाला १८१७ म्हटलं की जहाज आठवत नाही. जहाज पाण्यात उतरलं त्यानंतर साडेतीन आठवड्यांनी, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली. २१ डिसेंबरला महिदपूरला होळकरांचा पराभव झाला. महिदपूरला इंग्रजी फौजेचा सेनापती होता सर थॉमस हिस्लॉप. हे नाव कुठे तरी वाचलंय म्हणून मी माझी टिपणं उलगडली. ‘जावा’वरच्या प्रवाशांत मुंबईकडे निघालेले एक लेफ्टनंट जनरल होते. कैद झाले, ब्राझीलच्या किनाऱ्यावर शब्दावर सुटले. तेच हिस्लॉप. आराखडे बुडाले, त्यांची दुसरी प्रत आली. जनरल साहेबांच्या प्रतीची गरज पडली नाही, ते स्वतःच आले.

*

इथून माझं मन ‘त्रिंकोमाली’वरून उडालं, हे कबूल करतो. ज्या साली मुंबईत हे जहाज पूर्ण झालं त्याच साली मराठी राज्य संपत होतं. आणि मला साने या फ्रेंच माणसाच्या जहाजाची प्रत्येक रेघ माहीत होती. कान्होजी आंग्रे यांच्या एकाही जहाजाची माहीत नव्हती. माझं आजोळ देवगड तालुक्यातलं. विजयदुर्ग म्हणजे सुट्टीत सायकलवर जायचं ठिकाण. मग ठरवलं, पुढचं जहाज गुराब.

गुराबाचा आराखडा शोधायला लागलो आणि लक्षात आलं की शोधायचंच चुकीचं आहे. आराखडा काढून जहाज बांधायची इथे पद्धतच नव्हती. कण्याची लांबी ठरली की बाकीची मापं बांधणाऱ्याच्या डोक्यातून आणि हातातून निघत. कोकणात लाकडी होड्या बांधणारे आजही तसेच बांधतात. मग उरली ती लिहिलेली वर्णनं, आणि त्यातलं सगळ्यात कामाचं एका इंग्रजाचं. रॉबर्ट ऑर्म याच्या इतिहासाचा पहिला भाग १७६३ साली आला. त्यात तो सांगतो की गुराबाला सहसा दोन, क्वचित तीन डोलकाठ्या. वजन दीडशे ते तीनशे टन. लांबीच्या मानाने फार रुंद, पण मध्यापासून टोकांकडे निमुळती. पाण्यात कमी बुडणारी. पुढे नाळेऐवजी गॅलीसारखी पुढे आलेली चोच, तिच्या मागे भिंत, आणि त्या भिंतीतल्या झरोक्यांतून चोचीवरून पुढे मारा करणाऱ्या दोन तोफा. गलबत म्हणजे याहून लहान, सत्तर टनांच्या आतलं, एक प्रचंड मोठं तिकोनी शीड आणि चाळीस-पन्नास वल्ही. (‘गुराब’ हा शब्द अरबी, अर्थ कावळा. ती चोच डोळ्यांसमोर आणा, मग पटतं.)

वाचताना चित्र स्पष्ट दिसतं. रेघ काढायला बसा, म्हणजे कळतं. टन म्हणजे त्या काळचं इंग्रजी माप धरलं, तर त्याचं एक सूत्र आहे: लांबीतून रुंदीचे तीन पंचमांश वजा करायचे, त्याला रुंदीने गुणायचं, पुन्हा रुंदीच्या निम्म्याने गुणायचं आणि चौऱ्याण्णवने भागायचं. मी तीनशे टनांचं गुराब घेतलं. "फार रुंद" म्हणजे लांबी रुंदीच्या तिप्पट मानली तर जहाज येतं ८६ फूट लांब, साडेअठ्ठावीस फूट रुंद. चौपट मानली तर १०२ फूट लांब, साडेपंचवीस फूट रुंद. दोन्ही जहाजं ऑर्मच्या शब्दांत चपखल बसतात. १:४८च्या प्रतिकृतीत दोघांच्या लांबीत दहा सेंटिमीटरचा फरक. आणि हे सूत्र जहाजाची खोली रुंदीच्या निम्मी धरून चालतं. ऑर्म म्हणतो जहाज उथळ होतं. म्हणजे सूत्रच लागू पडत नाही. मी पाहिलेल्या गुराबाच्या प्रतिकृती एकमेकींशी का जुळत नाहीत, ते मला त्या रात्री कळलं. एका परिच्छेदातून पाच माणसं पाच जहाजं बांधणार, आणि कुणालाही चूक म्हणता येणार नाही.

फेब्रुवारी १७५६मध्ये पेशवे आणि इंग्रज एकत्र होऊन तुळाजी आंग्रे यांच्यावर चालून गेले. विजयदुर्गाच्या खाडीत आरमार एकमेकांना खेटून उभं होतं. तुळाजींनी पूर्वी इंग्रजांकडूनच पकडलेल्या ‘रेस्टोरेशन’ नावाच्या जहाजावर तोफगोळा पडला, ते पेटलं आणि आग एकावरून दुसऱ्यावर गेली. जवळजवळ सगळं आरमार एका दिवसात जळालं. पेशव्यांनी हे बरं केलं की वाईट, यावर आपल्याकडे पुष्कळ वाद घालून झालेत, मी त्यात पडत नाही. मला फक्त ‘जावा’ आठवते. तीही जळालीच.

या सगळ्यात मला हिरो सापडला तो पुन्हा फ्रेंचच. फ्रान्स्वा-एदमों पारी नावाचा नौदल अधिकारी. १८२० ते १८४०च्या दरम्यान त्याने तीनदा पृथ्वीप्रदक्षिणा केली. जहाज बंदराला लागलं की बाकीचे अधिकारी मेजवानीला जात आणि हा किनाऱ्यावर जाऊन तिथल्या होड्या मोजत बसे. युरोपबाहेरच्या लोकांच्या जहाजबांधणीवर १८४०च्या दशकात त्याने एक प्रचंड ग्रंथ काढला. त्यात आफ्रिकेपासून चीनपर्यंतची जहाजं रीतसर आराखड्यांसह आहेत, भारताच्या किनाऱ्यावरचीही, आपली फत्तेमारीसुद्धा. पुढे पॅरिसच्या नौदल संग्रहालयाचा प्रमुख झाल्यावर त्याने या आराखड्यांवरून प्रतिकृती करवून घेतल्या. आज कुणाला जुनी फत्तेमारी करायची असेल तर त्याच्या रेघांकडे जावं लागतं. त्याने वेगळं काही केलं नाही. होडी समोर असताना मोजली, एवढंच.

*

गेल्या मे महिन्यात आजोळी गेलो होतो. किनाऱ्यावर माडांखाली एक जुनी लाकडी होडी उपडी नाही, सरळच, दगडांच्या टेकूवर ठेवलेली होती. साडेआठ मीटर. मालकाने आता फायबरची घेतली आहे, सगळेच घेतात. तिला दरवर्षी तेल लावावं लागत नाही, शिंपी-कालवं खरवडावी लागत नाहीत. मी त्याला दोष कसा देणार? पावसाळ्याआधी ती फोडून लाकूड काढणार होते. माझ्याकडे चार दिवस होते.

गवंड्याकडून ओळंबा आणला, लेव्हलची नळी आणली. होडीच्या मधोमध नाळेपासून मागच्या टोकापर्यंत दोरी ताणली. दर अर्ध्या मीटरवर एक उभी काठी रोवायची, काठीवर दर दहा सेंटिमीटरला खूण, आणि प्रत्येक खुणेपासून होडीच्या अंगापर्यंतचं आडवं अंतर मोजायचं. मामेभाऊ टेप धरून आकडा ओरडायचा, मी वहीत लिहायचो. वाऱ्यात ऐकू येईना म्हणून त्याच्या शर्टाच्या खिशात माझा फोन रेकॉर्डिंगवर टाकून ठेवला होता. एकच अंग मोजलं. दुसरं सारखंच असणार असं धरलं, आणि नंतर तपासलं तर दोन-तीन सेंटिमीटर सारखं नव्हतंच.

ती होडी जिथे बांधली त्या सुतारकाकांना भेटलो. पंच्याहत्तरी पार केलेली. म्हटलं, "काका, तुमी कागदार कायच काढूक नाय?" ते हसले. "कागद कित्याक होयो? डोळे आसत मां."

पुण्याला येऊन आकडे संगणकावर चढवले, रेघा काढल्या. पाचव्या छेदाशी, तळाकडे, एक हलका खोलगट भाग दिसत होता. सॉफ्टवेअरने तो आजूबाजूच्या छेदांत इतका सफाईने मिसळवला होता की मला वाटलं ही जुन्या सुतारांची काही तरी खुबी असणार. मी त्यावर एक परिच्छेदही लिहून ठेवला. दिवाळीत ते प्रिंट (यावेळी शंभर टक्के, पट्टी लावून तपासलेलं) घेऊन काकांकडे गेलो. होडी तोवर फोडून झाली होती, तिच्या फळ्या कुणाच्या तरी कुंपणाला लागल्या होत्या. काकांनी आयुष्यात पहिल्यांदाच आराखडा हातात धरला असेल. दोन मिनिटं उलटसुलट फिरवला. मग एका रेघेवरून अंगठा नेत नेत बरोबर तिथेच थांबले.

"झिला, हय पाणी अडकतला."

वही काढली. पाचवा छेद, तळापासून तिसरी खूण: ५६. मोजून बघायला होडी नव्हती. फोनमधलं रेकॉर्डिंग शोधलं. एक तास अकरा मिनिटांनंतर, वाऱ्याच्या आवाजात, मामेभाऊ स्पष्ट ओरडतोय, "पासष्ट!" आणि मी "पा" ऐकल्याबरोबर आधी पाच लिहून मोकळा झालो होतो.